घड्याळजीच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्याकडे विचार भरपूर आहेत आणि घरात श्रोते कमी पडतात. वही निदान मध्येच उठून जात नाही.

आज जेवताना बायकोने एक प्रश्न विचारला. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना आहे. ड्रिलचा आवाज पेशंटच्या कानावर पडू नये म्हणून तिथला डॉक्टर दिवसभर संगीत लावून ठेवतो. मधली भिंत पातळ. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजता मोजता ते संगीत हिच्या कानात वर्षभर झिरपत होतं. आता हिला कळलं की ते सगळं एकाच माणसाचं आहे. सिनेमांना पार्श्वसंगीत देणारा कोणी संगीतकार. अल्बम ढीगभर. म्हणाली, अहो, तुम्ही एवढं वाचता, तर सांगा ना, याचं ऐकायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू?

योग्य माणसाला विचारलं. मी 'सिनेमा आणि जनता' इथून आरंभ केला. जनतेची अभिरुची घडवतं कोण, हा खरा सवाल आहे, असं ठणकावून सांगितलं. बोलता बोलता उष्टा हात वाळला. मी मुद्द्याच्या अगदी जवळ आलो तेव्हा ती भांडी घासून, ओटा पुसून झोपायच्या खोलीकडे निघाली होती. जाताना 'बरं' म्हणाली.

विषय पोचला. समाधान वाटलं.

७ फेब्रुवारी

घात झाला. हिने तोच प्रश्न त्या दंतवैद्याला विचारला.

आणि त्याने एका वाक्यात उत्तर दिलं. म्हणाला म्हणे, ताई, जो सिनेमा तुम्ही पाहिलाय तिथून सुरू करा, म्हणजे सुरांना चेहरे मिळतात.

एका वाक्यात! ज्या विषयाची माझी प्रस्तावनासुद्धा संपली नव्हती! आणि ही ते वाक्य दोनदा म्हणून दाखवते. माझं एक तरी वाक्य हिने कधी पुन्हा म्हटलं आहे का? पंचवीस वर्षांत माझी वाक्यं काय कमी झाली?

शिवाय ताई म्हणतो. सार्वजनिक जीवनात मी हा शब्द फार जवळून पाहिला आहे. मी स्वतः युनियनच्या गेटसभेत शेकडो स्त्रियांना भगिनी म्हटलं आहे, आणि दर वेळी मला काहीतरी हवं होतं.

८ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून भूमिका ठरवली. सुरुवात पहिल्यापासूनच! इतिहास मध्येच कुठून तरी सुरू होत नाही. ज्याला पहिला अल्बम ठाऊक नाही त्याला दहावा कळूच शकत नाही. 'पाहिलेल्या सिनेमापासून' हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान आहे. दात उपटणाऱ्याला मुळापर्यंत जायचं महत्त्व कळू नये, याचा खेद वाटतो.

संकल्प: एक, या संगीतकाराचे सगळे अल्बम क्रमाने ऐकायचे. दोन, हिने माझ्याबरोबर ऐकायचं. तीन, घरात दंतवैद्याचा विषय काढायचा नाही.

सकाळी चहाला दंतवैद्याचा विषय निघाला. मीच काढला. मुलगी म्हणाली, बाबा, पण तुम्ही त्याचं काही ऐकलंय का? मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साक्षीदाराला कोंडीत पकडायची सवय घरातच लावून घेते. मी तिला सांगितलं की ऐकणं ही नंतरची गोष्ट आहे, आधी भूमिका लागते.

११ फेब्रुवारी

पाणीपुरवठा कार्यालय. बिलांच्या खिडकीवर गर्दी होती, तरी दुपारच्या सुट्टीत युनियनच्या खोलीत संगीताचा अभ्यास सुरू केला. यंत्र सहमतने आणून दिलं. सहमत हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. मी काहीही म्हणालो की सहमत म्हणतो, म्हणून हे नाव. यंत्र त्याच्या वडिलांचं, लहान मुलांच्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या लावायला ठेवलेलं. बाजूच्या एका खटक्याबद्दल तो काहीतरी सांगायला लागला होता. मी म्हणालो, गड्या, यंत्र माणसासाठी असतं, माणूस यंत्रासाठी नव्हे. यावर दहा मिनिटं बोललो. सहमत म्हणाला, सहमत.

रेकॉर्ड ग्रंथालयातून आणल्या. तिथल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, लोक बहुतेक युद्धाच्या सिनेमापासून सुरू करतात, तो अल्बम सगळ्यांत गाजलाय. मी म्हणालो, गाजलेल्यापासून सुरू करणं म्हणजे गर्दीच्या मागे जाणं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग दीपगृहाच्या सिनेमाची रेकॉर्ड काढून दिली. हा त्याचा पहिला अल्बम. दीपगृहावर राहणारा एकटा माणूस, एवढीच गोष्ट म्हणे.

१२ फेब्रुवारी

ऐकला! काय सांगू!

लोक याला शांत म्हणतात. कव्हरच्या मागेही छापलंय, 'संथ, समुद्रासारखं'. कुठला समुद्र? हा तर संताप आहे! व्हायोलिनं एकमेकींच्या अंगावर धावून जातात. बासरी दम न घेता पळते. दीपगृहावरचा माणूस एकटा नाही, तो पेटलेला आहे. व्यवस्थेला जाब विचारतोय!

आणखी एक नोंद. कव्हरवर पहिल्या बाजूची वेळ बावीस मिनिटं दिली आहे. मी ती सोळा मिनिटांत ऐकून संपवली. लक्ष एकाग्र असलं की वेळ कमी लागतो, हे मी वाचनाच्या बाबतीत पूर्वीच सिद्ध केलं आहे. सहमतला म्हणालो. त्याने खटक्याकडे बघत डोकं खाजवलं, मग म्हणाला, सहमत.

१७ फेब्रुवारी, रविवार

ही दवाखान्यात गेली आहे. दाढ दुखते म्हणून नव्हे, ऐकायला! रविवारी संध्याकाळी डॉक्टर बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या मांडून रेकॉर्ड लावतो म्हणे. लॅबमधल्या दोघीजणी असतात, एक निवृत्त पोस्टमास्तर असतात. हिने ठेवणीतला निळा स्वेटर घातला. पेशंटच्या खुर्च्यांवर बसायला ठेवणीतला स्वेटर!

जाताना म्हणाली, तुम्हीही चला ना. मी म्हणालो, मी क्रमाने चाललो आहे, मला मध्येच घुसता येणार नाही. ती म्हणाली, बरं.

हा 'बरं' मला हल्ली फार ऐकू येतो.

परत आली तेव्हा चेहरा वेगळाच. काय बोलला तो, विचारलं. म्हणाली, काहीच नाही, कोणीच काही बोलत नाही तिथे. मग काय केलंत दोन तास? म्हणाली, ऐकलं.

दोन तास एक पुरुष गप्प बसतो याचा अर्थ एकच. काहीतरी लपवतो आहे.

२० फेब्रुवारी

शत्रूच्या गोटात जाऊन आलो. दाढ दुखते असं खोटंच सांगून वेळ घेतली.

डॉक्टर ठेंगणा, टकला, वयाने माझ्याएवढाच. दात मात्र स्वतःचे, सगळे, पांढरेशुभ्र. असे दात दाखवत हिंडणं ही जाहिरातबाजी झाली. मला म्हणाला, या भाऊजी, ताईंनी तुमच्याबद्दल फार सांगितलंय. काय सांगितलंय ते विचारणार, तोच त्याने आ करायला लावलं.

एकदा आ केला की माणसाचं नागरिकत्व जातं. तोंडात कापसाचे बोळे, वाकडी नळी, आरसा. माझी भूमिका घशापर्यंत आलेली, आणि हा मात्र निवांत. तेवढ्यात त्याने दीपगृहाचाच अल्बम लावला. मी सावध झालो. ऐकतो तर काय, तोच अल्बम, पण जीव गेलेला! लांबलचक, ओढलेला, उसासे टाकणारा. याचं यंत्रच थकलेलं आहे हे मी ओळखलं. बिचाऱ्या हिला हे असं मेलेलं संगीत ऐकवतो आणि वर ताई म्हणतो! मी निषेध नोंदवला. आवाज आला, आँ. त्याला वाटलं दुखतंय. त्याने इंजेक्शन दिलं.

मग हळू आवाजात म्हणाला, इथे बासरी थांबते ना भाऊजी, तिथे समुद्र ऐकू येतो बघा. मी पुन्हा आँ म्हणालो. त्याने दुसरं इंजेक्शन दिलं.

सर्वांत संतापजनक म्हणजे त्याला खरोखरच किडलेली दाढ सापडली. अक्कलदाढ. लवकरच काढावी लागेल म्हणाला. घरी सांगितलं तर मुलगी म्हणते, म्हणजे होती?

२४ फेब्रुवारी, रविवार

ही पुन्हा तिकडे. निळा स्वेटर.

आल्यावर मी सहज विचारलं, तू शेवटी कोणत्या अल्बमपासून सुरुवात केलीस? म्हणाली, अजून केलीच नाही. जो लावतात तो ऐकते. मला सुरुवात घड्याळजीच्या सिनेमापासून करायची आहे. ती रेकॉर्ड डॉक्टरांकडे नाही, ते मागवून देतो म्हणाले.

मागवून देतो! मी म्हणालो, घड्याळजीच का?

तर ती म्हणाली, तो आपण पाहिलाय ना. लग्न ठरल्यावर, बाल्कनीत, शेवटच्या रांगेत. तुम्ही पाट्या पडायला लागल्यापासून दिवे लागेपर्यंत बोलत होतात. घड्याळजीला किती तास राबवून घेतात, त्याला सुट्टी का नाही, त्याची संघटना का नाही. मध्ये एकदा खूप सुंदर काहीतरी वाजत होतं. मी ऐकायचा प्रयत्न केला, पण तुमचा आवाज मोठा. तेव्हापासून ते काय होतं, ते ऐकायचं राहिलंय.

हे ऐकून मी हेलावलो. इतक्या वर्षांनी हिला माझे मुद्दे क्रमवार आठवतात! सुट्टीचा मुद्दा तर मीही विसरलो होतो. प्रभावी वक्तृत्व म्हणतात ते हेच.

तरीही रेकॉर्ड तो मागवणार, हे खुपतं. उद्याच शहरभर हिंडून मी आणतो.

२५ फेब्रुवारी

युनियनची बैठक होती. उद्या.

२६ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंकडे विचारलं. घड्याळजी नाही. मात्र तिथे फलक लागलेला: शनिवारी व्याख्यान, 'सिनेसंगीतकाराचे अल्बम: सुरुवात कुठून करावी?' वक्ता: तो!

मी बाईंना म्हणालो, एकाच बाजूचं ऐकवणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे. बाई म्हणाल्या, अहो, एवढंसं तर आहे, डॉक्टर दहा मिनिटं बोलणार आणि ऐकवणार. मी समोरून हललो नाही. मागे पुस्तकं बदलायला आलेल्यांची रांग लागली. शेवटी बाईंनी पेन काढून फलकावर माझं नाव त्याच्या खाली लिहिलं. मी ते वर लिहायला लावलं.

हिला सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही किती अल्बम ऐकलेत? म्हणालो, संख्येला महत्त्व नाही. प्रत्यक्षात एक. पण त्यावर वाचन प्रचंड आहे.

१ मार्च

भाषण तयार. शीर्षक: 'संथपणाचा बुरखा फाडा!' सहमतसमोर म्हणून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, साहेब, तो खटका... मी म्हणालो, उद्या. उद्या हिच्या डोळ्यांदेखत त्या दातवाल्याचे दात त्याच्याच घशात घालणार.

२ मार्च, शनिवार, संध्याकाळ

व्याख्यान ऐतिहासिक झालं. क्रमाने लिहितो.

वाचनकक्ष भरलेला. पुढे पोस्टमास्तर, मध्ये ही, निळा स्वेटर. डॉक्टर माझ्या शेजारी, खुर्चीत मावलेला, हातात एक कागदही नाही. मी चाळीस मिनिटं बोललो. इतिहास मध्येच सुरू होत नाही, हे टेबलावर मूठ आपटून सांगितलं. काही लोक दचकले, तो सूर लागल्याचा पुरावा होता. मग म्हणालो, हा संगीतकार शांत नाही, हा पेटलेला आहे, आता स्वतःच्या कानांनी ऐका! आणि सहमतच्या यंत्रावर दीपगृह लावलं.

संताप दणाणला. बासरी पळायला लागली.

समोर कोणी तरी हसलं. मग शेजारचा. मग ग्रंथपालबाईंनी रुमाल तोंडाला लावला. पोस्टमास्तर खांदे हलवत होते. मी समजलो, सत्य पचायला जड जातं. आवाज आणखी वाढवला.

तेव्हा ही उठली. सगळ्या लोकांमधून शांतपणे चालत आली, माझ्याकडे न बघता यंत्राजवळ वाकली, आणि तो बाजूचा खटका एक घर सरकवला.

व्हायोलिनं हळूहळू खाली आली. बासरी चालायला लागली, मग थांबली. आणि तिथे, ती थांबली तिथे, खरंच काहीतरी ऐकू आलं. पाणी असावं. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. हिने यंत्रावरचा हात काढलाच नाही, तिथेच उभी राहिली, बाजू संपेपर्यंत. बावीस मिनिटं लागली.

नंतर बाई म्हणाल्या, आता डॉक्टर. डॉक्टर उठून म्हणाला, मला जे सांगायचं होतं ते ताईंनी ऐकवलं. आणि बसला.

टाळ्या फार वेळ चालल्या. दोन्ही वक्त्यांच्या मिळून होत्या. सहमतला बाहेर गाठून विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की खटका छोट्या तबकड्यांच्या वेगावर आहे, पण तुम्ही इतकं ठामपणे म्हणालात की मला वाटलं माझेच कान खराब. वर म्हणाला, यंत्र राहू दे तुमच्याकडे. यंत्र घरी आणलं.

एकूण मूल्यमापन: दोन वेगांमधला विरोध श्रोत्यांसमोर जिवंत उभा राहिला. असा प्रयोग पूर्वी कोणी केला नसावा.

ही वाटेत काही बोलली नाही. मी बोललो.

३ मार्च, रविवार

ही तिकडे गेली. मी विचारलं नाही. तिनेही चला म्हटलं नाही.

घरात बसून दीपगृह लावला, खटका योग्य जागी. मला तपासायचं होतं. बासरी थांबते तिथे मी मोठ्याने म्हणालो, हे बघ, इथे! खोलीत कोणी नव्हतं.

७ मार्च

दाढ दुखते. खरी. दुःखाने दुखत असावी.

मुलगी म्हणते, बाबा, आईला तुमचा राग नाही आला, तिला फक्त ऐकायचं असतं. मी म्हणालो, मग माझं का नाही ऐकत? ती म्हणाली, पंचवीस वर्षं ऐकतेच आहे की. वकिली हिला चांगली जमेल.

१० मार्च, रविवार, दुपार

रात्रभर गाल धरून बसलो. सकाळी हिने स्वतः डॉक्टरला फोन केला. रविवार असून त्याने दवाखाना उघडला. उपकार करायची संधी ही माणसं सोडत नाहीत.

दाढ काढली. मुळं लांब होती. डॉक्टर म्हणाला, फार जुनं दुखणं होतं भाऊजी, तुम्ही सहन कसं केलंत? मी उत्तर देणार होतो, पण तोंडात कापूस. अर्धा तास दाबून धरा, बोलू नका, म्हणाला.

निघताना त्याने कपाट उघडलं आणि तपकिरी कागदात गुंडाळलेली एक रेकॉर्ड माझ्या हातात दिली. घड्याळजी. म्हणाला, काल आली. आज संध्याकाळी लावणार होतो, पण ही ताईंनी इथे चार लोकांत नको ऐकायला. तुम्ही दोघं घरी ऐका.

शत्रूने शस्त्र खाली ठेवलं! विजय! मला विजयी घोषणा द्यायची होती. फक्त मान हलली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दाढेच्या जागेतून पुन्हा रक्त आलं, म्हणून हिने नवा कापूस दिला, पुन्हा अर्धा तास दाबून धरायला. निळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. मला वाटलं, निघणार. हिने माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग कागदातल्या रेकॉर्डकडे. फोन करून सांगितलं, आज येत नाही.

यंत्र खिडकीपाशी ठेवलं. खटका तपासला. कोचावर माझ्या शेजारी बसली.

पाट्यांचं संगीत सुरू झालं. मला सिनेमा आठवला, आणि घड्याळजीच्या कामाच्या तासांबद्दलचा माझा पहिला मुद्दाही. तोंड उघडायला गेलो. कापूस. दुसरा मुद्दा आला. कापूस. तिसरा आला आणि तसाच निघून गेला, कारण तेवढ्यात ते वाजलं. काय वाजलं ते लिहिता येत नाही. फार काही नव्हतं, दोन-तीन वाद्यं होती. हिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, हेच ते.

मी काही बोललो नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते. म्हणाली, अहो, तुम्ही चक्क ऐकताय.

मी मान हलवली. दाढेमुळे ऐकतोय, हे सांगायची सोय नव्हती.

पहिली बाजू संपली तेव्हा अर्धा तास कधीच होऊन गेला होता. कापूस काढायला हरकत नव्हती. ही रेकॉर्ड उलटायला उठली.

मी कापूस राहू दिला. दाढेच्या बाबतीत हयगय बरी नव्हे, आणि दुसरी बाजू अजून बाकी होती.